आयाबाईचा दगड

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. मुलाला मराठी वाचता येत नाही आणि सुनेला वेळ नसतो, त्यामुळे वही टेबलावर राहिली तरी चालते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. चुका असतील.

हाउन्सलोला आमच्या बसस्टॉपच्या मागे एक जुनी दफनभूमी आहे. चाळीस वर्षं मी तिच्या भिंतीला टेकून बसची वाट पाहिली, आत कधी गेले नाही. नवरा गेल्यावर माझं घराबाहेर पडणंच बंद झालं. तेव्हा सुनेने लायब्ररीतून एक कागद आणला. दर गुरुवारी सकाळी काही म्हातारी माणसं तिथले जुने दगड साफ करतात, त्यांना मदत हवी होती.

"अहो आई, तिथे कोणाशी बोलावं लागणार नाही," ती म्हणाली. "निम्म्याहून जास्त लोक गप्पच आहेत."

मला हसू आलं. म्हणून गेले.

ते काम चालवणारी एक निवृत्त शिक्षिका होती. गुडघ्यांना रबरी पट्टे बांधून ती ओल्या गवतात बसायची. ती मला 'डिअर' म्हणायची. मी मनातल्या मनात तिला बाई म्हणायचे, कारण शाळेतल्या बाईंसारखीच ती मागून येऊन काम तपासायची. पहिल्या दिवशी तिने माझा हात धरून ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं. साधं पाणी, मऊ ब्रश, खालून वर. खरवडायचं नाही, काही लावायचं नाही. मी मान हलवली. तिचं इंग्रजी मला कळलं नाही असं आज म्हणता येईल, पण ते खोटं होईल. कळलं होतं.

सगळ्यात मागचा कोपरा सगळ्यात जुना. विमानतळ नव्हता, दुकानं नव्हती, नुसते भाजीचे मळे होते, तेव्हा इथे येऊन राहिलेली पहिली माणसं त्या कोपऱ्यात आहेत. मळेवाले, विटा भाजणारे आणि त्यांची लहान मुलं. एकेका दगडावर चार चार मुलांची नावं. बाई ती वाचून दाखवायची आणि वय सांगताना माझ्यासाठी बोटं धरायची. दोन बोटं. एक बोट. कधी नुसती मूठ.

त्याच रांगेच्या शेवटी एक छोटा दगड होता. हिरवा झालेला, एका अंगाला कललेला. बाईने मला मुद्दाम तिथे नेलं. "ही तुमच्याकडची," ती म्हणाली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मी एकेक अक्षर लावत वाचलं. बॉम्बे.

एका साहेबाच्या मुलांना सांभाळत ती बोटीतून इथवर आली होती. पहिल्याच हिवाळ्यात खोकल्याने गेली. दफनाच्या रजिस्टरात तिचं नाव नाही, फक्त अमक्या साहेबांची आया असं लिहिलं आहे. पण दगड लावणाऱ्याने खालच्या ओळीत तिचं स्वतःचं नाव कोरलं होतं. ते इतकं झिजलं होतं की डोळ्यांना नुसते खळगे दिसत. बाईने सांगितलं, शनिवारी एक माणूस काळं कापड आणि दिवा घेऊन येणार आहे. दिवा बाजूने तिरपा धरला की असे खळगे वाचता येतात, मग फोटो काढायचा.

घाई होती. कौन्सिल तिथली पायवाट व्हीलचेअरसाठी रुंद करणार होती. ज्या दगडाखाली कोण आहे ते नावानिशी सांगता येईल, तो जागेवर राहणार आणि पायवाट त्याला वळसा घालणार. बाकीचे उचलून भिंतीला टेकवणार.

शनिवारनंतरचा रविवार सर्वपित्रीचा होता. आमच्याकडे त्या दिवशी मुलगा फोनवर गुरुजींना ऐकत पाणी सोडतो. गुरुजी एकेक नाव विचारतात. माझ्या मनात आलं, ह्या आयाबाईला इतक्या वर्षांत कोणी पाणी दिलं असेल? मूल नाही, नातं नाही, आणि जी मुलं वाढवली ती साहेबाची. शनिवारी नाव कळलं तर रविवारी मुलाला ते घ्यायला लावायचं, असं मी ठरवलं.

आणि सणाआधी आपण जे करतो तेच मी केलं. शुक्रवारी सकाळी चिंच भिजवली, थर्मासात कढत पाणी घेतलं, भांड्यांची तारेची घासणी घेतली आणि एकटीच गेले. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे माणसं येणार, ती अशी शेवाळात कशी बसेल, एवढंच डोक्यात होतं.

शेवाळ भराभरा निघालं. खालून दगड पांढरा, मऊ दिसायला लागला. मला आनंद झाला. मग पापुद्रा सुटला, भाकरीचा सुटतो तसा, हाताएवढा. तेव्हा थांबायला हवं होतं. पण काजळी धरलेलं पातेलं घासताना आपण थांबत नाही, चकाकी खाली असते हे माहीत असतं. मला वाटलं अक्षरंही तशीच खाली असतील, दगडात खोलवर गेलेली. म्हणून आणखी घासलं. बॉम्बे गेलं. खालची ओळही गेली. माझ्या मांडीवर पिठासारखा चुरा पडला होता. मी तो झटकला नाही.

शनिवारी मी गेले. का गेले ते मला माहीत नाही. त्या माणसाने काळं कापड धरलं, दिवा इकडून लावला, तिकडून लावला, आणि मान हलवली. बाई गुडघ्यांवर बसली होती. तिने दगडावरून तळहात फिरवला.

"आपल्याला उशीर झाला," ती म्हणाली. "दगड असाच जातो, एकदम."

मग तिने वर पाहिलं. मी रडत होते. तिने उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला, आपल्या डब्यातलं बिस्कीट दिलं. मी ते खाल्लं.

रविवारी मुलाने आजी-आजोबांची आणि वडिलांची नावं घेतली. आणखी कोणी, असं गुरुजींनी विचारलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी मुलाला सगळं सांगितलं. तो इथेच जन्मला, त्याचं मराठी असं आहे:

"आई, त्यात तुझा काय चूक? तो दगड जुनी होती."

"मी घासला."

"ओके, घासला. पण तू एकटीच होती ना तिथे? लास्ट बघितला तू. मग त्यांना सांग, मी वाचलं. एक नाव सांग. लक्ष्मी, गंगा, कुठला पण. कोण चेक करणार? दगड वाचेल ना."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हे काय शिकवताय आईंना!" पण मग ती दारात आली आणि हळूच म्हणाली, "तसं पाहिलं तर, आई, नुकसान कोणाचंच नाही."

चार दिवस मी तेच मनात घोळवलं. गंगा हे नाव चांगलं होतं. माझ्या एका आत्याचं होतं.

गुरुवारी बाईने मला चहा ओतून दिला आणि कौन्सिलला लिहायचं पत्र दाखवलं. नावाची जागा मोकळी होती. "तू त्याच भागातली आहेस," ती म्हणाली. "इतक्या वेळा त्या दगडाशी बसलीस. तुला कधी एखादं अक्षर लागलं? अंदाजाने सांगितलंस तरी मी लिहीन."

तिने पेन हातात धरलं होतं. नाव माझ्या जिभेवर होतं. पण नाव चुकीचं घेतलं तर पाणी दुसऱ्याच कोणाला जातं, असं आम्ही मानतो. माझ्या हाताने आयाबाईचं होतं ते एक नाव गेलं होतं. त्या जागी आत्याचं घातलं असतं तर तिला कोणी हाक मारायची वाटच उरली नसती.

"मला नाव माहीत नाही," मी म्हटलं. "मी घासलं. शुक्रवारी. चिंच आणि तार." तारेला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून हाताने करून दाखवलं.

बाई माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी तुला दाखवलं होतं."

"हो."

"हात धरून दाखवलं होतं."

"हो."

तिने पेनाला टोपण लावलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पत्रात तिने काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरमध्ये दोन माणसांनी पट्टे लावून दगड उचलला. त्याचा जो भाग मातीत रुतला होता तेवढा स्वच्छ होता. भिंतीला आणखी दहा-बारा दगड टेकवलेले होते, त्यांत त्यांनी तो ठेवला. तेव्हा तो पांढरा होता, लगेच ओळखू यायचा. आता पुन्हा हिरवा झाला आहे. त्यांतला तिचा कुठला, हे मला नक्की सांगता येत नाही.

मी अजून गुरुवारी जाते. बाई मला ब्रश देत नाही आणि मी मागत नाही. पानं गोळा करते. पायवाट आता रुंद झाली आहे, सरळ आहे, आयाबाईच्या अंगावरून जाते. सगळे तिच्यावरून चालतात, बाबागाड्या जातात. ती नेमकी कुठे आहे ते बाईला आणि मला माहीत आहे. तिथे आलं की बाई गवतात उतरते, मागून मीही उतरते, आणि पुढे गेल्यावर आम्ही पुन्हा पायवाटेवर येतो.