तीन घरांचे तीन फेज

भोसरीतल्या आमच्या गल्लीत वीज गेली तरी ती बहुतेक वेळा अर्धीच जायची. खांबावर तीन फेज आणि गल्लीतली घरं त्यांच्यावर वाटलेली. एक फेज गेला की एका घरात अंधार आणि शेजारच्या घरात टीव्ही चालू. मग ज्याच्याकडे लाइट असेल त्याच्याकडून भिंतीवरून वायर यायची. एक पंखा, एक फ्रिज एवढं त्यावर भागायचं. परवानगी कुणी विचारत नसे. हाक मारायची आणि वायर टाकायची.

आमचं घर मधलं. उजवीकडे गावातलं जुनं शेतकरी कुटुंब होतं. शेती कारखान्यांखाली गेलेली, मुली सासरी, घरात काका आणि काकू दोघंच. डावीकडे चाचा राहत. जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून देणं हा त्यांचा धंदा. ही तीन घरं तीन वेगळ्या फेजवर होती. ते कुणी मीटर लावून तपासलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरातला अंधार पाहून ते कळलेलं होतं.

माझा थोरला भाऊ टर्नर होता, लेथवर धातूचे भाग कातणारा. त्याचा कारखाना बंद झाला आणि मशिनं लिलावात निघाली, तेव्हा दादाने स्वतः चालवलेला लेथ घेतला आणि घराच्या पुढच्या खोलीत बसवला. त्याच्यापुढे दोनच रस्ते होते. चाकणला कंत्राटदाराच्या हाताखाली जायचं, जिथे काही महिन्यांनी ब्रेक देऊन माणूस बदलतात, किंवा स्वतःच्या मशिनवर उभं राहायचं. ओळखीच्या एका कारखानदाराने त्याला बुशचा, म्हणजे मशिनच्या दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या नळ्यांचा, एक लॉट चाचणी म्हणून दिला. मापं बरोबर आली तर काम नेहमीचं, लॉट परत आला तर पुन्हा विचारायचं नाही, असं ठरलं.

लेथची मोटर थ्री फेज, घराचं कनेक्शन सिंगल. राहत्या घरात कारखान्याची जोडणी मिळणार नाही, हे वीज कार्यालयात पहिल्याच फेरीत कळलं. तेवढ्या ताकदीची सिंगल फेज मोटर बाजारात मिळाली नाही. चाचांनी कपॅसिटर बसवलेला एक डबा तयार करून दिला. त्यावर मोटर फिरायची, पण जोर नव्हता. कापणारं टूल जरा खोल गेलं की आवाज जड व्हायचा, तुकडा धरून फिरवणारा चक मंदावायचा आणि जॉबवर रेघा उठायच्या. सरावाचे तुकडे भंगारात गेले. खऱ्या लॉटला दादाने हात लावला नाही.

एका सकाळी काका भिंतीवर हात टेकून हे बघत होते.

"काय रं, दम्याचा पेशंट आणलाय व्हय घरात?"

"एका फेजवर चालवतोय, काका. त्याला तीन लागतात."

"मंग? एक तुझ्यात हाय, एक आमच्यात, एक ह्या चाचाकडं. झालं की तीन."

दादा हसला. चाचा हसले नाहीत. ते खांबाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बात तो सही है, भाऊ."

"आमचा तर दिसभर नुसता पडून असतो," काका म्हणाले. "ही एक मिक्सर लावती, त्यो बी शेजारणीला आवाज जावा म्हणून."

"आणि तुमचा टीव्ही काय रॉकेलवर चालतो?" काकू आतून म्हणाल्या.

जोडणी चाचांनीच केली. खांबावर आकडा टाकायला ते तयार नव्हते. चोरी नको, ज्याचं मीटर त्याचं फिरलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून दोन्ही घरांत मीटर आणि मेन स्विचच्या पुढे, घरातल्या बाजूने वायर काढली आणि भिंतीवरून दादाच्या स्टार्टरपर्यंत आणली. आमचा फेज तिसरा. बटण दाबल्यावर मोटर एका झटक्यात उचलली. काकांनी भिंतीवरूनच हात जोडले.

चाचांनी तिन्ही घरांना एक नियम घालून दिला. मशिन चालू असताना कुणीही मेन पाडायचा नाही. एक फेज तुटला की मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहते आणि वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी, जळतं. हा नियम सगळ्यांनी मनावर घेतला. काका पाहुण्यांनाही सांगत, "त्या मेनला हात लावू नगा. पोराची मोटर जळंल." चाचांनी आयुष्यभर जळालेल्या मोटारी उघडल्या होत्या आणि ते मोटारीच्या बाजूने विचार करत होते. आम्हीही तेच केलं. दोन फेजवर फिरणारी मोटर तिसऱ्या वायरीतून वीज उलटी पाठवते आणि मेन पाडलेल्या घरातल्या वायरी जिवंत ठेवते, हे आमच्या बोलण्यात एकदाही आलं नाही.

काम सुरळीत चाललं. बुश मापात येत होते. दादा एकेक पुसून क्रेटमध्ये रचून ठेवत होता. अर्ध्याच्या वर लॉट झाला होता.

त्या दिवशी सकाळी काकांच्या अंगणातला टाकीचा पंप पाणी उचलेना. वायरीचा जोड ढिला झाला असावा, असं त्यांचं मत होतं. मशिन थांबेपर्यंत ते नियमाप्रमाणे थांबले. दादा लेथवर एक बुश कापत होता. काप संपल्यावर त्याने क्लच काढला, चक थांबवला आणि मायक्रोमीटर घेतला. कापण्याचा आवाज थांबला. मोटर चालूच होती. पण नुसत्या मोटरीची गुणगुण भिंतीपलीकडे जात नाही.

माझी ड्यूटी दुपारनंतरची असल्यामुळे मी घरी होतो, खोलीच्या दारात चहा पीत. दादाने माप घेतलं, बुश काढला, दुसरा बांधला आणि क्लच टाकला. मोटर घरघरली.

"फेज गेला," तो म्हणाला आणि त्याने लाल बटण दाबलं. मग भिंतीकडे तोंड करून हाक मारली. "काका, मेन पाडला का?"

मी भिंतीवरून पाहिलं. काका टाकीच्या कडेला ओल्या फरशीवर आडवे पडले होते. सोललेल्या वायरीचं टोक त्यांच्या मुठीत होतं.

धावत आलेल्या चाचांनी छाती दाबली, दादाने तोंडाने श्वास दिला. रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून नकारार्थी मान हलवली.

आम्ही परत आलो तेव्हा भिंतीवरच्या वायरी कुणीतरी उतरवून, गुंडाळून आमच्या जिन्याखाली ठेवल्या होत्या. ते कुणी केलं, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने काकांचा बोर्ड पाहिला.

"मेन तर बंद आहे. मग शॉक कुठून?"

"हार्टच असंल, साहेब," काकांचा पुतण्या म्हणाला. "उन्हाचं काम करत होते."

हवालदाराने लिहायला पेन टेकवलं. चाचा जमिनीकडे बघत होते. दादा उठून जिन्याखाली गेला, वायरीचं वेटोळं आणून हवालदारासमोर ठेवलं आणि म्हणाला, "माझी मोटर चालू होती."

लेथला सील लागलं. तिन्ही घरांची वीज तपासणीसाठी तोडली गेली. काकूंच्या घरी दिवसकार्य मेणबत्तीवर झालं. उरलेला लॉट कारखानदाराने माणूस पाठवून परत नेला, झालेले बुशही नेले. त्यांची मापं बरोबर होती, पण त्याबद्दल त्याने पुढे काही कळवलं नाही.

तेराव्यानंतर काकूंनी दादाला बोलावलं. मीही गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आवाज बंद झाला होता," त्या म्हणाल्या. "मी पण ऐकलं. मीच म्हणाले त्यांना, थांबलं बघा मशिन, घ्या करून."

"क्लच काढला की नुसता चक थांबतो, काकू. मोटर फिरतच असते."

"हे आम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही," दादा म्हणाला.

त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, चहा घेणार का. दादाने नको म्हटलं. मग आम्ही दोघं उठलो.

दादावरचा खटला अजून चालू आहे. दादा आता चाकणला कंत्राटदाराकडे पहिल्या शिफ्टला जातो. कामगारांची बस गल्लीत शिरून काकूंच्या दारासमोर थांबते. तो पुढच्या चौकापर्यंत चालत जातो आणि तिथे चढतो.