कॅल्शियमसाठी ताक

शमीमआपांना नांदेडहून पुन्हा परत पाठवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पण ब्लडप्रेशर इतकं वर की डोळ्याचे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. आपा देगलूरच्या, ब्लाऊज शिवून घर चालवणाऱ्या. आता सुईत दोरा सुनेला ओवून द्यावा लागत होता.

मी देगलूरच्याच एका दवाखान्यात डाएटिशियन. आपांचा डाएट मीच दिलेला. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, आणि रोज भरपूर ताक. ताक कॅल्शियमसाठी. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. ते आवळायला-सैलावायला कॅल्शियम लागतं. आहारात ते फारच कमी पडलं तर प्रेशर थोडं वाढू शकतं. आपांना दूध आवडत नव्हतं, म्हणून ताक.

आपा परत आल्यावर आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर सरांनी मला विचारलं, "पथ्य पाळतात का या?"

"नसतील पाळत. घरी काय खातात ते आपल्याला कुठं दिसतं?"

हे मी आपांसमोर बोलले. सरांनी त्यांना भर ओपीडीत झापलं आणि एक गोळी वाढवली. आपा ओढणी सारखी करून निघून गेल्या.

मला ते खटकत राहिलं. आपा दर वेळी अळणी भाजीबद्दल कुरकुर करायच्या. पथ्य मोडणारा माणूस कशाला कुरकुर करेल? मग कुठं काय चुकत होतं? शेवटी त्यांच्या घरी गेले.

सून म्हणाली, अम्मींची भाजी मीठ घालायच्या आधीच वेगळी निघते. घरात पापड नव्हता, लोणचं नव्हतं. तेवढ्यात आपांनी माझ्यासाठी ताक आणलं. एक घोट घेतला आणि थांबले.

"आपा, यात मीठ?"

"मंग? बिनमिठाचं ताक पाहुण्याला देतेत का?"

"आणि तुम्ही?"

"हेच की. तुम्हीच म्हणलात, भरपूर प्या. तांब्या भरून पिऊन राहिले."

"मीठ कमी सांगितलं होतं ना?"

"ते जेवणातलं. हे तर दवा हाय."

दवा मीच दिलेली. ताकात मीठ घालता का, हे मी विचारलंच नव्हतं. आमच्या घरीही मिठाशिवाय कुणी ताक पीत नाही, तरी.

मी सगळं समजावलं. आपा शांतपणे म्हणाल्या, "मंग साहेबालाबी सांगा. चार लोकांत झूठी ठरले मी."

सांगायला जीभ रेटत नव्हती. तरी ओपीडीतच, आपांसमोर सांगितलं, की त्यांनी पथ्य पाळलं होतं. मीठ मी दिलेल्या ताकातून जात होतं, आणि आपांना न विचारताच मी तसं बोलले. सर आपांकडे वळले. म्हणाले, "आपा, माझंही चुकलं."

ताकात मिठाऐवजी जिरेपूड आली. प्रेशर हळूहळू उतरलं, वाढवलेली गोळी सरांनी काढली, ऑपरेशन झालं. नंतर भेटल्या तेव्हा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "म्याडम, हा ब्लाऊज कुणी शिवला? बाही लई वाकडी हाय."

आता डाएट लिहिण्याआधी मी विचारते, हा पदार्थ तुमच्या घरी कसा करतात? मीठ गेल्यानं आपांचं प्रेशर उतरलं, एवढं म्हणता येईल. त्यात कॅल्शियमचा वाटा किती, ते मला अजूनही सांगता येत नाही.