सही झालेलं प्रूफ

"पयला मान ज्ञानोबातात्यांचा. मग एक नाव खालच्या आळीचं, एक वरच्या. ह्ये ठरवायला तीन बैठका झाल्या, चाचा. मागल्या वर्षी ह्याच्यावरनंच पालखी अर्ध्या वाटंत थांबली व्हती."

सदूभाऊ बाहेर चहा पीत आमच्या मालकांना, आत्तारचाचांना, सांगत होते. मी पार्टिशनच्या आत कॉम्प्युटरसमोर बसले होते. मागच्या खोलीत मशीन धडधडत होतं आणि त्यावर सदूभाऊंच्या गावच्या यात्रेची हँडबिलं छापली जात होती. नावं कुठल्या क्रमाने छापली जात आहेत, हे त्या क्षणी फक्त मला माहीत होतं.

अकारविल्हे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पौडच्या प्रेसमध्ये कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर तो चालवणारी आली, ती मी. इंग्लिश मीडियमची, पुण्यात कोर्स केलेली, आणि मराठी वाक्य बोलण्याआधी मनात जुळवून बघणारी. ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे.

कामाची पद्धत साधी होती. मजकूर टाइप करायचा, पान लावायचं, त्याचा साधा प्रिंट गिऱ्हाइकाला दाखवायचा. हे प्रूफ. गिऱ्हाईक चुका दाखवतं आणि सही करतं. मग फाइल फ्लॉपीवर घेऊन एसटीने पुण्याला. तिथे लेझर प्रिंटरवर बटर पेपर काढायचा, म्हणजे पलीकडचं दिसेल अशा कागदावरचा प्रिंट. त्यावरून प्लेट आणि प्लेटवरून छपाई.

सदूभाऊंनी प्रूफ बोट ठेवून वाचलं. मानकऱ्यांची अठ्ठेचाळीस नावं. एका नावाचा काना राहिला होता, तेवढा दाखवून त्यांनी सही केली.

मी काना घातला. फाइल उघडीच होती. मला वाटलं, काय हा गोंधळ! वर कोणीही, खाली कोणीही. आमच्या शाळेत हजेरीसुद्धा आल्फाबेटिकली असायची. नावं आपोआप लावायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, म्हणून मी ती एकेक करून हलवली. दुपार गेली. 'ज्ञ' कुठे येतो ते आठवेना, तेव्हा चाचांच्या धाकट्या मुलीची अंकलिपी मागून आणली. 'ज्ञ' सगळ्यात शेवटी निघाला. पान इतकं शिस्तीत दिसू लागलं की मी स्वतःवरच खूश झाले. कुणाला सांगितलं मात्र नाही. चांगलं काम करून गप्प बसावं, असं माझं तत्त्व होतं.

मशीनवरचे कांबळेकाका एक ओला कागद घेऊन बाहेर आले. सदूभाऊंनी चष्मा लावला.

"आरं, ह्यो अंकुश पयला? ह्याला आत्ता कुटं मिसरूड फुटलंय! आन् ज्ञानोबातात्या पार तळाला?"

"भाऊ, तुमी दिली तशीच छापलीय," चाचा म्हणाले. "प्रूफावर सही हाय तुमची."

सदूभाऊंनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मग आवाज खाली आला.

"डोळं गेलं माझं, दुसरं काय. दोन्ही आळ्यांनी इस्वासानं यादी माझ्या हातात दिली. आता म्हणतील, सदू फितला."

सही असलेलं प्रूफ माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

पुढचं आधी सांगते. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने मी फ्लॉपी घेऊन पुन्हा पुण्याला गेले. हँडबिलं एक दिवस उशिरा निघाली आणि पालखी न अडता देवळात पोचली. बिघडलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूचे चाचांनी पॅड बांधून घेतले आणि माझ्या टेबलावर ठेवले. ते संपायला वर्ष लागलं. सही झालेल्या प्रूफात सुधारणा करायची नसते, हे कोर्समध्ये शिकवत नाहीत. तिथे सुधारणा कशी करायची तेवढंच शिकवतात.

पण हे सगळं होण्याआधी कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं. मी प्रूफ बाहेर काढलं. वाक्य जुळवायला घेतलं, ते जुळेना. सदूभाऊ चपला घालू लागले. मी पार्टिशनच्या बाहेर आले आणि जसं सुचलं तसं बोलले:

"सदूभाऊ, थांबा. तुमची यादी बरोबर होती, हे बघा. तुम्ही सही केल्यावर मी ती बदलली, कुणालाही न विचारता. कांबळेकाका, आधी ते मशीन बंद करा!"