घंगाळबाई

बाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. दारात कोणी उभं राहिलं की त्यांची नजर थेट खाली जायची, तिथं चांगली रेंगाळायची आणि मग सावकाश वर यायची. तोवर समोरच्याची अर्धी हिंमत गेलेली असायची. "टाच फुटलीय आणि वर रॉकेल चोळलंयस. अक्कल कुठं ठेवून आलास?" हे त्यांचं स्वागत. सलाम, बसा, पाणी घ्या, हे सगळं त्यानंतर. चिंचवड स्टेशनापासून काळेवाडीपर्यंत लोक त्यांना घंगाळबाई म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागं.

मिशनच्या प्राथमिक शाळेच्या त्या मुख्य बाई. मूळच्या नगरकडच्या, लग्न न केलेल्या, शाळेच्या मागच्या एका खोलीत राहणाऱ्या. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्यांच्या भिंती नुकत्याच चढू लागल्या होत्या आणि कामाच्या आशेनं नगर-जालन्याकडची ख्रिस्ती कुटुंबं इकडे येऊन राहिली होती. तीच आमची चर्चची मंडळी. पाळकसाहेब खडकीहून कधीमधी रविवारी सायकल हाणत येत, आशीर्वाद देत आणि ऊन चढायच्या आत परत जात. एरवी सगळा कारभार बाईंचा. मी त्यांच्या हाताखाली बालवर्गाला शिकवायची, त्यामुळे त्यांच्या तोंडाचा पट्टा मला रोजचाच होता.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, बाकीच्या मंडळ्या तेवढा अध्याय वाचत, एक गीत म्हणत आणि घरी जात. आमच्याकडे बाई पितळी घंगाळ बाहेर काढत. वर्षभरात कोणाचं कोणाशी बिनसलं याची बित्तंबातमी त्यांना असे. त्या भांडलेल्यांची जोडी लावत. एकानं बाकावर बसायचं, दुसऱ्यानं त्याचे पाय धुवायचे, सगळ्यांदेखत. नियम एकच, मोठ्यानं वाकायचं. आपल्याकडे सासरा जावयाचे पाय धुतो, शिष्य गुरूचे धुतो, म्हणजे धुणारा कायम खालचा. "प्रभूनं हे उलटं करून दाखवलं," बाई म्हणत, "ते पुन्हा सुलटं करणारे आपण कोण?" म्हणून आमच्याकडे सासू सुनेचे पाय धुवायची, मुकादम झाडूवाल्याचे. जो वाकणार नाही त्याला रविवारी प्रभुभोजनाच्या रांगेत जागा नसे.

बसणाऱ्यांची त्या दिवशी वेगळीच गंमत असायची. चारचौघांत पाय दाखवायचे म्हणून मंडळी दुपारीच विहिरीवर वजरी घेऊन बसत, घासून घासून टाचा गुलाबी करत, एकदोघं तर खोबरेल लावून येत. बाईंनी असा एक चकाकता पाय पाहिला की त्याला हाकलत. "धुतलेले पाय धुवून घ्यायला आलास? जा, माळावर एक चक्कर मारून ये, मग बस." तो बिचारा खाली मान घालून माळावर चालत जाई आणि सगळी मंडळी तो धुळीनं माखून येईपर्यंत ताटकळत बसे. हसायची मात्र कोणाची छाती नव्हती.

धुणाऱ्याची गत याहून वाईट. मुकादमानं एकदा गुडघे धरल्याची सबब सांगितली, तर बाई म्हणाल्या, "गर्व गुडघ्यातच असतो. वाका, मोकळे होतील." तो वाकला, घाईघाईनं पाणी ओतून उठायला लागला, तर बाईंनी त्याला खांदा धरून परत बसवलं. झाडूवाल्याच्या बोटांना चिखल्या झाल्या होत्या. बोटांच्या मधली जागा मुकादमाला बोट घालून साफ करायला लावली, आणि तोवर त्याला वर बघू दिलं नाही. मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पश्चात्तापाचं असेल. आता वाटतं, अपमानाचं होतं, आणि बाईंना ते दिसत होतं, आणि ते बघायला त्यांना आवडत होतं. त्यांचा विनय हा असा हातात काठी घेऊन चालायचा.

पण आम्हा दोघी बहिणींना आईखालोखाल बाईच होत्या, हेही लिहिलं पाहिजे. बाप गेल्यावर आई काळेवाडीच्या बागायतदारांकडे खुरपणीला जायची. एका साली तिला विषमज्वर झाला, शेजारपाजार दार लावून बसला, तेव्हा बाई आमच्या खोपटात येऊन राहिल्या. आईचं हगणंमुतणं काढलं, लुगडी धुतली, आणि ती बरी झाल्यावर म्हणाल्या, "तुझ्यापायी माझी शाळा बुडाली. आता मरायचं असेल तर सुट्टीत मर." आई हे पुढं कितीदा तरी हसून सांगायची. बाईंवर तिचा देवाइतका विश्वास बसला तो तेव्हापासून.

त्या विश्वासानंच माझ्या थोरल्या बहिणीचं, मार्थाचं, लग्न झालं. मुलगा बाईंचाच, म्हणजे पोरका म्हणून मिशनमध्ये आलेला आणि त्यांनी लहानाचा मोठा केलेला शमुवेल. दिसायला देखणा, गळा गोड, कारखान्यात फिटर. जगातल्या एकाच माणसाशी बाई मऊ बोलत, तो शमुवेल. त्यांनी मार्थाला मागणी घातली तेव्हा आईनं एकही प्रश्न विचारला नाही.

शमुवेल मारायचा. पहिल्या वर्षी मार्था लपवायची, दुसऱ्या वर्षी लपवता येईना. उत्तम शुक्रवाराआधीच्या उपवासाच्या दिवसांत ती कासारवाडीहून चालत घरी आली ती डाव्या हाताची सुजलेली बोटं पदरात धरून. आई तिला घेऊन बाईंकडे गेली. आता माझी पोर परत जायची नाही, एवढं बाईंनी सांगावं, म्हणजे मंडळीत कोणी बोट दाखवणार नाही, एवढंच आईला हवं होतं. बाईंनी आधी मार्थाच्या पायांकडे पाहिलं, मग हाताकडे. "गुरुवारी बघू," म्हणाल्या.

गुरुवारी त्यांनी शमुवेलला पुढं बोलावलं आणि मार्थाला बाकावर बसायला सांगितलं. नियमाप्रमाणे हेच व्हायला हवं होतं. आईनं माझा हात घट्ट धरला. शमुवेल जागचा हलला नाही. हळूच, लाडक्या मुलासारखा म्हणाला, "बाई, जीव मागा, देतो. हे नका मागू. उद्या कंपनीत पोरं काय म्हणतील?"

मुकादमाला खांदा धरून बसवणाऱ्या बाई आता काय करतात, इकडे सगळ्यांचे डोळे लागले. बाई घंगाळापाशी उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की त्यांची नजर कोणाच्या तरी तोंडावर आधी गेली. मग म्हणाल्या, "मार्था, तू ऊठ. कुणीतरी आधी वाकलं पाहिजे."

आई उभी राहिली. "बाई, मार तिनं खाल्लाय."

"म्हणूनच तिला जमेल," बाई म्हणाल्या. "त्याला नाही जमायचं."

मार्थानं नवऱ्याचे पाय एका हातानं धुतले. दुसरा हात मिटत नव्हता. शमुवेल खिडकीबाहेर बघत होता. बाईंनी प्रार्थना केली, मंडळी आमेन म्हणाली, आणि एक घर पुन्हा जुळलं म्हणून लोक आनंदानं पांगले. त्याच संध्याकाळी मार्था त्याच्याबरोबर कासारवाडीला गेली.

पावसाळा संपायच्या आत मार्था मेली. विहिरीवर घसरली, असं शमुवेलनं पोलीस पाटलाला सांगितलं, आणि अंत्यविधीलाही न थांबता मुंबईला पळाला, तो कायमचाच. मयताला अंघोळ घालायला बाई आल्या. आई भिंतीला टेकून बसली होती. बाईंनी मार्थाला धुतलं. पोटावरचे बुटाचे वळ त्यांनी पाहिले, मीही पाहिले. पायांपाशी आल्यावर त्या फार वेळ तिथंच राहिल्या. शेवटी एका शेजारणीनं त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

त्यानंतर बाईंनी मंडळीत जोड्या लावणं बंद केलं. दर वर्षी त्या गुरुवारी मात्र घंगाळ काखेत मारून त्या आमच्या दारात यायच्या, कोमट पाणी घालून आईसमोर खाली बसायच्या. आई पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. बसायला पाट द्यायची, चहा द्यायची, पाय द्यायची नाही. मंडळीचे कारभारी मध्ये पडले, पाळकसाहेब मध्ये पडले. प्रभूचा शिष्य पेत्र, त्यानंही आधी पाय देत नाही म्हटलं होतं आणि मग दिले, हा दाखला त्यांनी वाचून दाखवला. आईनं सगळं ऐकून घेतलं. "क्षमा म्हनता तर केली की," ती म्हणाली. "प्रार्थनेत रोज म्हंते. पन बाई, तुमचं वझं उतरवायला माजे पाय न्हाईत."

मला दोघींचा राग यायचा. बाईंचा यायचा, कारण आयुष्यभर सगळ्यांना एक माप लावलं आणि आपल्या पोराला दुसरं, आणि त्यात माझी बहीण गेली. आईचा यायचा, कारण बाई दर वर्षी जास्त वाकत होत्या, उठताना भिंत धरत होत्या, आणि आईला ते दिसत होतं. ते बघताना तिच्या तोंडावर जे यायचं ते मी आधी फक्त बाईंच्या तोंडावर पाहिलं होतं, मुकादम रडला तेव्हा.

पुढं बाईंना दिसेनासं झालं. मिशननं त्यांना नगरला म्हाताऱ्या बायकांच्या आश्रमात न्यायचं ठरवलं. जायच्या दिवशी टांगा त्यांनी आमच्या दारात थांबवला. चाचपडत आत आल्या. दिसत नसतानाही मान खालीच होती. "पाणी तुझ्याकडचंच घे," म्हणाल्या, "मला आता उचलवत नाही." आईनं खरोखरच पाणी तापवलं. तिनं ते परातीत ओतलं, त्यात बाईंचे हात स्वतः धरून धुतले, पदरानं कोरडे केले, आणि म्हणाली, "टांगेवाला खोळंबलाय, बाई." मग मी त्यांना हाताला धरून टांग्यात बसवलं.

दिवाळीच्या सुमाराला त्या गेल्याचं नगरहून आलेल्या, घरोघर बायबल सांगत फिरणाऱ्या एका बायबलबाईनं सांगितलं. आई तेव्हा तांदूळ निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, "धुतलं कुनी?"

"असतील तिथल्याच कुणी बायका," मी म्हणाले.

"मला बोलवायला पायजे हुतं," आई म्हणाली. "मी धुतले असते तिचे पाय."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "जिवंतपणी एकदा तरी त्यांना तुझे धुऊ द्यायचे होतेस."

आई निवडायची थांबली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ते न्हाई," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा पुढं ओढलं.