नखाएवढं चीज

व्हर्लिन टोलफसन विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा कारखान्यात जन्मभर चीज बनवत आला होता. दर नाताळला तो नदीपलीकडे मिनेसोटात, बहिणीकडे, चीजचा एक गोळा घेऊन जायचा. तोही आपल्या फुटबॉल संघाच्या हिरव्या-पिवळ्या कागदात गुंडाळून. त्याचा मेहुणा आर्डेन तो कागद मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा उचलून शेगडीत टाकायचा आणि आपल्या मिनेसोटाच्या, म्हणजे वैरी संघाच्या, जांभळ्या कागदातला रानतांदूळ त्याच्या हातात ठेवायचा. मग चीज चाखून म्हणायचा, "हंऽऽऽ. वाईट नाही."

यंदा व्हर्लिन निवृत्त झाला होता. हा त्याच्या हातचा शेवटचा गोळा. एकदा तरी आर्डेनने कौतुक करावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"कसं झालंय रे?"

"वाईट नाही. नदी ओलांडताना जरा बिघडलं असेल."

"बिघडलं तर तुमच्याच काठावर!"

जेवणं झाली आणि ताटलीत एकच तुकडा उरला. त्या भागात शेवटचा तुकडा उचलणं म्हणजे निव्वळ बेशरमपणा, म्हणून बहीण लव्होनने अर्धा कापून घेतला आणि व्हर्लिनने उरलेल्याचा अर्धा. आता नखाएवढं चीज राहिलं.

"घे की, आर्डेन."

"छे छे, तूच घे."

"नको बाई, माझं पोट फुटेल."

तिघंही छताकडे बघत बसले. तेवढ्यात आर्डेनने हात घातला आणि तो तुकडा अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला. लव्होनच्या हातातला चमचाच पडला.

"ताटली धुवायची होती ना," आर्डेन पुटपुटला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

व्हर्लिन घर येईपर्यंत गाडीत शीळ घालत होता.