सोर्स कोणाचा?

आधीच सांगून ठेवतो, दोष सगळा अण्णांचा. अण्णा म्हणजे आमच्या नालासोपाऱ्यातल्या कॉम्प्लेक्सचे सेक्रेटरी. रिटायर झाले, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही.

मी कॉलेज सोडलेलं. सातही बिल्डिंगमध्ये नेटच्या वायरी मीच ओढलेल्या. गणपतीतलं मुलांचं नाटुकलं घरोघरच्या कॉम्प्युटरवर लाइव्ह दाखवलं, की नेटचं काम कायमचं माझं, असं कमिटीने कबूल केलं होतं.

रिहर्सलला साधं मल्टिकास्ट लावलं. एका ग्रुपवर एकदाच पाठवायचं, ज्याला हवं तो ग्रुपला जोडतो आणि त्याला पोचतं. पण त्यात कोणीही घुसतो. अण्णांनी घरचा कॅमेरा त्याच ग्रुपवर सोडला आणि नाटुकल्यातल्या राजाच्या दरबारात, बनियनवर केळं खाणारे अण्णा अख्ख्या कॉम्प्लेक्सने पाहिले.

म्हणून मी सोर्स-स्पेसिफिक मल्टिकास्ट आणलं. काय चीज आहे म्हणून सांगू! बघणारा आधीच बजावतो, मला फक्त या मशीनकडून पाहिजे. दुसरा कितीही बोंबलला तरी दारातूनच परत. मध्ये मध्यस्थ नाही की कोणाची लुडबुड नाही. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये इतकं शिस्तीचं दुसरं काहीच नव्हतं. खोट एकच, सोर्स आधी माहीत पाहिजे.

तेच मी फळ्यावर लिहिलं: 'सोर्स असल्याशिवाय काहीही दिसणार नाही.'

संध्याकाळी अण्णा दारात, हातात चिठ्ठी.

"माझ्या साडूचा भाऊ मंत्रालयात आहे. चालेल ना?"

"अण्णा, हा तो सोर्स नाही."

"मग कोणाचा लागतो? नगरसेवकाचा?"

मागे जिन्यात अजून चौघे उभे. एकाने तर आमदाराच्या ड्रायव्हरचा नंबर आणलेला.

"जन्मभर वशिले लावलेत, म्हणून तुम्हाला दुसरं काही ऐकूच येत नाही," मी म्हणालो. "सोर्स म्हणजे माझं मशीन. त्याचा नेटवरचा नंबर मी टाकतो घरोघरच्या कॉम्प्युटरवर. तुम्ही फक्त बसा."

"आम्ही बसतो रे. तू बघ म्हणजे झालं."

घरोघरी फिरून नंबर टाकला. कार्यक्रमाच्या दुपारी माझं जुनं मशीन धापा टाकायला लागलं, म्हणून मित्राचं नवं आणून जोडलं. पडदा उघडला. सातही बिल्डिंगमध्ये स्क्रीन काळे.

नव्या मशीनचा नंबर वेगळा. ते बिचारं जीव तोडून पाठवत होतं आणि घरं जुन्याचीच वाट बघत होती. मीच शिकवलेलं ना, अनोळखी दिसला की दारातून परत.

हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत नाटुकलं संपलं होतं.

"आमचा सोर्स निदान फोन तरी उचलतो," अण्णा म्हणाले.

नेटचं काम त्यांच्या साडूच्या पुतण्याला मिळालं.