खोकला दाबणाऱ्या बायकांच्या गावी

मेहकरची एस.टी. सकाळी सहाला सुटते, म्हणून मी साडेपाचलाच स्टँडवर जाऊन बसले. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. ड्यूटीवर उशिरा पोचायची भीती निवृत्तीनंतरही अंगातून गेलेली नाही. आदल्या दिवशी मुलीनं फोनवर विचारलं होतं, "लोणारचं सरोवर बघायला चाललीस का?" मी हो म्हटलं. खरं म्हणजे मी एका बाईची माफी मागायला निघाले होते, आणि या वयात पोटच्या पोरीला तसं सांगायची लाज वाटते.

घडलं होतं ते असं. दिवाळीआधी मी मुलीकडून विमानानं परत आले. उतरल्यावर विमानतळावरच्या उपाहारगृहात पोहे मागवले. बशी पुढे करणारी बाई मान वळवून खोकली. एकदा, मग पुन्हा. माझ्यातली नर्स खवळली. मी सुपरवायझरला बोलावलं, तक्रारवहीत सुवाच्य अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि मोठं कर्तव्य केल्याच्या थाटात घरी आले. पोहे मात्र संपवून आले, हेही सांगून टाकते.

महिन्याभरानं एका नातेवाइकाला सोडायला पुन्हा तिथं गेले, तर चहासुद्धा मिळेना. फाटकाबाहेर कापडी मांडव होता आणि स्वयंपाकघरातली, काउंटरवरची पन्नासेक माणसं संपावर बसली होती. पगारवाढ, आजारपणाची भरपगारी रजा, औषधपाण्याची सोय अशा मागण्या फळ्यावर खडूनं लिहिलेल्या. रेखा नावाच्या तिशीतल्या बाईनं मला बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं. मी विचारलं, हे सगळं कशावरून सुरू झालं?

"आमच्या वंदनाताईवरून," ती म्हणाली. "खोकली म्हनून बिनपगारी घरी बसवलं, मंग कामावरूनच काढलं. कोन्या नर्सबाईनं तक्रार केलती म्हने."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी कोण ते सांगायचं धैर्य झालं नाही. वंदनाताई कुठे भेटतील, एवढंच विचारलं. ती साखरखेर्ड्याची निघाली. रेखाही तिथलीच, आणि त्या स्वयंपाकघरातल्या आणखी नऊजणी त्याच गावच्या. एकीनं दुसरीला कामाला लावलं, दुसरीनं तिसरीला, अशी ती साखळी. आता पगार बंद म्हणून त्यांनी पाळ्या लावल्या होत्या. सहाजणी आठ दिवस मांडवात बसायच्या, पाचजणी गावी जाऊन कापूस वेचायच्या आणि परत येताना साऱ्या मांडवासाठी ज्वारीचं पीठ घेऊन यायच्या. "सोमवारी पाळी बदलते, त्या दिवशी साऱ्या गावातच असतो," रेखा म्हणाली. "याल तं या."

म्हणून ही एस.टी. पकडली होती. जालना मागे पडलं तशी जमीन काळी होत गेली. दोन्ही बाजूंना तूर फुलावर होती आणि पऱ्हाटी (कापसाची झाडं) पांढरी झाली होती. मेहकरला पोचेपर्यंत दुपार कलली. पुढची गाडी तासाभरानं होती, म्हणून बालाजीच्या देवळात गेले. काळ्या पाषाणाची उंच मूर्ती, समोर गारवा, माणसं थोडी. हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. चुकीची फिर्याद आधी एका ठिकाणी करून बसले होते.

पुढं काळीपिवळी (प्रवासी जीप) मिळाली. "पाच मिनटात निघते" असं ड्रायव्हर म्हणाला आणि पाऊण तासानं, चौघांच्या जागेत सातवा माणूस कोंबल्यावर, निघाला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझी बोचकी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि चौकशी सुरू केली.

"काऊन चालल्या साखरखेर्ड्याले? सोयरे हायेत का?"

"नाही. विमानतळावर कामाला आहेत ना बायका, त्यांना भेटायला."

"हाव, हाव. संपावर हायेत त्या." त्यानं मांडीवरची बोचकी सावरली. "पाहा बाई, आमच्या गावच्या बाया इमानात कवा बसल्या नाई. पन इमानातल्या मान्सायले त्याच जेवू घालतात."

रात्री रेखाकडे उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर वावरात (शेतात) गेले. ओळीनं दहा बायका वेचत होत्या, कमरेला कापूस साठवायच्या ओट्या बांधलेल्या, बोटं बोंडातून कापूस एका झटक्यात काढणारी. सगळ्यांत वडील शांताबाई. पंचावन्न वर्षांच्या, अंगानं कडक, बोलणं तोलूनमापून. त्या स्वयंपाकघरात बारा वर्षं काढलेल्या, त्यामुळे नव्या मुलींना काम शिकवायचं ते त्यांनीच. शेवटच्या ओळीत वंदना होती. चाळिशीची, गळ्याची हाडं वर आलेली. तिनं मला ओळखलं नाही. रोज हजार तोंडं पाहणाऱ्या बाईनं एकच का लक्षात ठेवावं?

उन्हं वर आली तसं वंदनाचं वेचणं थांबलं. ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. मी रेखाकडे पाहिलं.

"खोकून राह्यली," रेखा सहज म्हणाली.

"असं? बिनआवाजाचं?"

मग मला ती विद्या समजली. उपाहारगृहाच्याच स्वयंपाकघरात विमानातल्या जेवणाचे ट्रेही भरतात, आणि ते थंड खोलीत. स्वेटरवर डगला चढवला तरी बोटं बधिर होतात आणि छाती भरून येते. खोकणाऱ्यानं अन्नाला हात लावायचा नाही हा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. मी स्वतः आयुष्यभर तोच सांगत आले. पण त्या दिवसाचा पगारही कापायचा, हा त्याचा दुसरा भाग मला ठाऊक नव्हता. म्हणून बायका खोकला दाबायला शिकल्या. जिभेखाली लवंग धरायची, दात आवळायचे, श्वास रोखून वीस मोजायचे. तरीही नाहीच राहिला तर भांडी धुणाऱ्या यंत्राजवळ जायचं आणि त्याच्या घरघरीत खोकून घ्यायचं. नवी मुलगी आली की शांताबाई तिला पोळी दुमडायला शिकवत, तसंच हेही शिकवत. मी घाबरले ते वेगळ्याच गोष्टीला. इथं डोक्यावर मोकळं आभाळ होतं, सुपरवायझर शेकडो मैल लांब होता, तरी वंदना श्वास रोखून वीस मोजत होती.

दुपारी लिंबाखाली जेवायला बसलो. भाकर, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. शेवटी मी सगळ्यांसमोर बोलून टाकलं. "वंदनाताई, ती नर्सबाई मीच."

वंदनानं हातातला तुकडा खाली ठेवला. मला वाटलं, आता चार शिव्या बसतील, आणि बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी बरोबर केलं," ती म्हणाली. "खोकनाऱ्या बाईच्या हातचं मी बी खाल्लं नसतं. पन एक सांगा बाई. तुमी नर्स होत्या ना? मंग सुपरवायझरले बलावलं, तसं मले काऊन नाई इचारलं, की कवापासून खोकून राह्यली म्हनून?"

बत्तीस वर्षं ज्याच्यासाठी पगार घेतला तो पहिला प्रश्न मी विसरले होते, कारण समोरच्या बाईच्या हातात माझी बशी होती. मला रडू आलं. शांताबाईंनी तांब्या पुढे सरकवला.

मग मी विचारलं. कधीपासून? आखाडापासून. ताप? संध्याकाळी अंग कोमट लागतं. वजन? पोलकी ढगळ झाली. मी म्हटलं, उद्याच्या उद्या मेहकरच्या सरकारी दवाखान्यात चला, थुंकी तपासू. फुकट होतं. टी.बी. असला तर औषधही फुकट आहे आणि माणूस खडखडीत बरा होतो.

वंदनानं मान हलवली. "नाई. माह्या नावानं तो रोग निघाला तं मालक काय म्हनन? पाहा, या बाया रोग वाटत होत्या. साऱ्यायचा संप माह्यापायी बुडन. संप मिटू द्या, मंग पाहू."

"तोवर तू राहशील का?" हे माझ्या तोंडून जरा जोरात निघालं. रागानंच निघालं.

एकीनं भाकरीचे तुकडे उगाच बारीक केले. वंदनाचं खरं होतं आणि माझंही खरं होतं. शेवटी शांताबाईंनी हात धुतले आणि पदराला पुसले.

"एकटी गेली तं तिच्या नावाची बोंब होईन. अकराच्या अकरा गेलो तं कोनाच्या नावानं करतीन? उद्याची मांडवाची पाळी एक दिवस पुढं ढकला. साऱ्या जाऊ."

"मले तं खोकला नाई, मावशी," एक तरुण मुलगी म्हणाली.

"मले तरी कुठं हाय? सोबत म्हनून चाल ना वं."

दुसऱ्या दिवशी एकाच काळीपिवळीतून आम्ही बाराजणी मेहकरला गेलो. ड्रायव्हरला आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर निघावं लागलं. दवाखान्यात तपासणीच्या खिडकीवरच्या ताई चक्रावल्या. "सगळ्यांनाच खोकला?"

"हाव," शांताबाई म्हणाल्या. "एकाच माहेरचा हाय आमचा."

थुंकी मोकळ्या हवेत द्यायची असते, म्हणून इमारतीमागच्या झाडाखाली एकेकीला डबी देऊन पाठवलं. शांताबाईंनी तोंड वळवून, घसा जरासा खाकरून डबी भरली आणि झाकण लावलं. दोघीतिघींना काही निघालंच नाही. वंदनाची डबी पाच मिनिटं, दहा मिनिटं रिकामीच राहिली. मी जवळ गेले. ती डबी तोंडाशी धरून उभी होती, डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले.

"खोल श्वास घ्या आणि मोठ्यानं खोका," मी म्हटलं.

"येत नाई." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मानसं दिसली की आपोआप दाबल्या जाते, बाई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ज्या बाईला मी खोकण्यावरून घरी बसवलं, तिची मी खोकण्यासाठी विनवणी करत होते. खोक गं बाई. इथं कुणी लिहून घेत नाही. खोक. रेखा आली, तिनं दुसरा हात धरला आणि स्वतःच मोठ्यानं खोटं खोटं खोकली. मग ती तरुण मुलगी खोकली. दवाखान्यातले लोक माना वळवून पाहू लागले. आणि मग वंदना खोकली. इतक्या खोलवरून, इतका वेळ, की कित्येक महिन्यांचं सगळं एकदम बाहेर येतंय असं वाटलं. ती खाली बसली. डबी भरली होती.

दुपारी गावाकडे परतण्याआधी त्यांनी मला घरच्या एस.टी.त बसवलं. वंदनानं खिडकीतून ज्वारीच्या पिठाची पिशवी आत सरकवली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी रेखाचा फोन आला. वंदनाच्या थुंकीत काही निघालं नव्हतं. थंड खोलीनं तिची छाती धरली होती. दम्याचं औषध सुरू झालं. टी.बी. निघाला तो शांताबाईंना. ज्यांना कुणी कधी खोकताना ऐकलंच नव्हतं.

जिला लपवता आलं नाही तिच्यावर मी तक्रार केली होती. जिला उत्तम लपवता आलं तिच्याकडे माझं लक्षही गेलं नाही. माझ्यासमोर तिनं डबी भरली, तरी गेलं नाही.

"आता काय ठरवलंत?" मी रेखाला विचारलं.

"मावशी म्हनते, माहं नाव लपवू नका. मांडवात सांगा, पेपरवाल्याले सांगा. बारा वर्सं दाबलं, आता नाई दाबत."

शांताबाईंना सहा महिने गोळ्या घ्यायच्या आहेत, आणि सध्या तरी माणसांत मिसळायचं नाही. मांडवातल्या पाळीत त्यांची जागा रिकामी पडणार. ती कोण भरणार, असं रेखानं विचारलं नाही. सोमवारपासून मी बसते, असं मीच सांगितलं.